दुरून वाचा, पण जाब जवळ येऊन द्या

(२० मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, तळवड्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



इथं यायच्या आधी आमच्या चाळीच्या बोळातलं पाण्याचं मीटर बघून आलो. आज पाण्याची पाळी नाही, म्हणून काटा गप्प. काचेवर चिखल. अंगठ्यानं पुसला तेव्हा कुठं आकडे दिसले. दहा खोल्या, चाळीस माणसं, एक नळ, एक मीटर. कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी परभणीचा. पोट हातावर घेऊन आलेली माणसं. मालक राहतो भलतीकडेच. बिल त्याच्या नावावर आणि पैसे आमच्या खिशातून.

तुम्ही म्हणाल, आज महाडचा दिवस, आणि हा गडी मीटरचं काय रडगाणं लावून बसला? मित्रांनो, मी महाडबद्दलच बोलतोय. फक्त सुरुवात तळ्याच्या काठापासून न करता बोळातल्या मीटरपासून करतोय.

शेजारच्या पुण्यात गेली काही वर्षं घरोघर नवी मीटरं बसवायचं काम चाललं आहे. ठाण्यात ती स्मार्ट सिटीच्या नावानं बसली. कराडजवळच्या मलकापुरात, एवढ्याशा गावात, चोवीस तास पाण्याबरोबर ती कधीच बसली. ह्या मीटरचं वाचन दुरून होतं. दारात कुणी येत नाही, झाकण कुणी उचलत नाही. आकडा हवेतून जातो आणि बिल होऊन परत येतो. तळवड्यातही आज ना उद्या हे येणारच. आल्यावर आपण काय करायचं? दगड घेऊन फोडायचं, का मान खाली घालून सही करायची? मला वाटतं, दोन्ही करायचं नाही. तिसरं काय करायचं, तेवढंच आज सांगायचं आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. आज मी लेथवर उभा राहतो, पण त्याआधी दोन वर्षं एका ठेकेदाराच्या हाताखाली पाण्याची मीटरं वाचली. शहर कोणतं, ठेकेदार कोणता, ते सोडून द्या. सगळीकडे चुली मातीच्याच.

काम असं. सकाळी यादी हातात. मीटरमागं पैसे. जितके आकडे लिहाल तितकी मजुरी. आता मीटर कुठं असतं? गटाराच्या कडेला, संडासाच्या मागं, फरशीच्या खाली. झाकण उचललं की झुरळं, काचेच्या आत वाफ. वाकून वाकून कंबर जाते. बंगल्यांच्या भागात वेगळंच. एका फाटकाशी बाईंनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" सांगितलं. बाई म्हणाल्या, "मीटर आत आहे, पण तुम्ही थांबा, आमचा माणूस आकडा बघून सांगेल." त्यांचा माणूस आत गेला, आकडा आणला, मी लिहिला. भर उन्हाळा होता. पाणी मागितलं नाही. मागितलं असतं तर कशातून मिळालं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. दुरून मीटर वाचायची सोय त्या बाईंनी यंत्र यायच्या आधीच करून ठेवली होती!

पण मी काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. आता खरं सांगतो. दिवसाची यादी पुरी होत नाही म्हटल्यावर आम्ही काय करायचो? टपरीवर बसून आकडे ठोकायचो. मागच्या आकड्यात काहीतरी मिळवायचं आणि लिहायचं. बंगल्यात असं करायची हिंमत नव्हती. तिथला माणूस फोन करतो, नगरसेवकाला सांगतो. मग असे आकडे कुठं ठोकायचे? वस्तीत. आपल्याच माणसांच्या बोकांडी.

एक आजी होती. धुणीभांडी करायची, एकटी राहायची. तिच्या मीटरच्या झाकणावर कुणीतरी वाळूची पोती टाकलेली. मी दोन वेळा पोती हलवलीच नाहीत, आकडा मनानं लिहिला. तिसऱ्या वेळी तिला एवढं बिल आलं की ती घाबरून ऑफिसात गेली. तिथं सांगितलं, आधी भरा, मग तक्रार करा. म्हातारी मला गल्लीत शोधत आली. भर रस्त्यात माझी गचांडी धरली. म्हणाली, "पोरा, एवढं पाणी मी प्याले का रं? दारात हत्ती बांधलाय का मी?"

मित्रांनो, मी तिच्या जातीचाच होतो. हातात वही आली की आपला माणूससुद्धा दुसऱ्याचा होतो. पोती हलवली, काच पुसली, खरा आकडा लिहिला, तीन खेटे घालून बिल दुरुस्त करून आणलं. ठेकेदारानं त्या दिवसांची मजुरी कापली. ती गचांडी मी अजून विसरलो नाही. माझं पुढचं सगळं बोलणं त्या गचांडीतूनच आलेलं आहे.

आता यंत्र समजून घ्या. न समजता विरोध करणं हे आपलं काम नाही.

जुन्या मीटरच्या आत पंख्यासारखं चक्र असतं. पाणी गेलं की ते फिरतं आणि दातेरी चाकं आकडे पुढं ढकलतात. पाण्याऐवजी हवा गेली तरी ते फिरतं. २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. तात्पुरतं म्हणाले होते. पाच वर्षं उलटली तरी ते तात्पुरतं काही संपलं नव्हतं! दिवसाआड म्हणजे काय? एक दिवस पाइप रिकामा. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की पाइपातली हवा पुढं ढकलली जाते, नळ फसफसतो, सूं सूं आवाज करतो. त्या वाऱ्यावर चक्र भिरभिरतं. म्हणजे पाणी यायच्या आधीच आपलं बिल सुरू.

नव्या मीटरचे प्रकार आहेत. काहींत चक्र तेच, फक्त त्याचे फेरे चुंबकावरून मोजणारं सर्किट बसवलेलं. काहींत चक्रच नसतं. आवाजाच्या लहरी पाण्यातून प्रवाहाच्या बाजूनं जायला किती वेळ लागतो आणि उलट्या बाजूनं किती, ह्या फरकावरून पाण्याचा वेग काढतात. ह्यात हवेनं आकडा पळत नाही, पण हवेचे बुडबुडे आले की वाचन गडबडतं. सोबत एक बॅटरी, साधारण दहा वर्षं चालावी अशी. आणि एक छोटा रेडिओ. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा छोट्या यंत्रांना बिनपरवाना वापरता येतो. एका पद्धतीत कर्मचारी हातात यंत्र घेऊन रस्त्यानं चालत जातो आणि दोन्ही बाजूंच्या घरांचे आकडे त्यात येऊन पडतात. दुसऱ्या पद्धतीत तो कर्मचारीही नसतो. उंच जागी एक रिसीव्हर असतो, तो वस्तीतले सगळे आकडे गोळा करून ऑफिसच्या संगणकात पाठवतो. दिवसातून एकदा, नाहीतर तासातासाला.

ह्यात चांगलं काय आहे तेही कबूल करा. टपरीवर बसून आकडे ठोकणं बंद. हे मीटर असतं तर त्या आजीला माझ्यासारख्या हरामखोराचा त्रास झाला नसता. रेडिओला आडनाव कळत नाही, त्याला कुणी फाटकाबाहेर उभं करत नाही. आणि दुसरं, फार मोठं काम हे यंत्र करू शकतं. पाण्याच्या उंच टाकीखाली एक मोठं मीटर असतं. टाकीतून किती पाणी सुटलं ते त्यावर कळतं. त्या टाकीवरच्या सगळ्या घरांच्या मीटरांची बेरीज केली की किती पोचलं ते कळतं. मधला फरक म्हणजे गळती आणि चोरी. पण माणसानं मीटर वाचायचं तर एक फेरी व्हायलाच आठवडेच्या आठवडे जातात. पहिल्या घराचा आकडा सोमवारचा, शेवटच्या घराचा पुढच्या महिन्यातला. बेरीज करणार कशाची? सगळी मीटरं एकाच वेळी बोलली तरच ही बेरीज जमते. मग पाणी कुठं मुरतं ते लपून राहत नाही.

म्हणजे यंत्र खरं बोलू शकतं. प्रश्न एवढाच, ते कुणाशी बोलणार आणि कुणाबद्दल बोलणार.

एक उदाहरण घ्या. आपल्या आयाबहिणी काय करतात? नळ बारीक सोडून खाली हंडा ठेवतात. थेंब थेंब पाणी पडतं, जुनं चक्र एवढ्या धारेनं हलत नाही. गरिबाची तेवढीच हुशारी. नवं मीटर ही बारीक धारही पकडतं. ठीक आहे, पकडा. पण बंगलेवाला नळाच्या लाइनला थेट मोटार लावतो, अख्ख्या गल्लीचं पाणी ओढून स्वतःची टाकी भरतो. ते पाणी त्याच्या मीटरमधून रीतसर जातं, तो बिलही रीतसर भरतो. मीटरच्या लेखी तो सज्जन! आणि ज्या गल्लीत पाणी पोचलंच नाही, तिथलं मीटर दाखवतं शून्य. संगणकाला शून्य म्हणजे वापर नाही. आपल्याला शून्य म्हणजे रिकामा हंडा. आलेलं पाणी मोजायला कोट्यवधी रुपयांचं यंत्र, आणि न आलेल्या पाण्याला वहीत साधी ओळसुद्धा नाही!

ह्या गावात काय मोजलं जातं आणि काय मोजलं जात नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. ८ डिसेंबर २०२३ ला इथंच तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. कामावरच्या बाया जळून मेल्या, काही जागेवर, काही नंतर दवाखान्यात. रोज सकाळी त्या शेडमध्ये किती बाया जातात, हे तोवर कुणी मोजलं होतं? मेल्यावर मोजल्या. मोजणीला आमचा विरोध नाही, मित्रांनो. आम्हाला मेल्यावर आणि बिलापुरतं मोजता, ह्याला विरोध आहे.

आता 'दुरून' ह्या शब्दाकडं या. हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या-पणज्या विहिरीपासून लांब हंडा ठेवून उभ्या राहायच्या. कुणीतरी वरची बाई येईल, दया आली तर वरून पाणी ओतेल, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. पाणी देणारा कायम दूर. त्याला हात लावता येत नव्हता, त्याला जाब विचारता येत नव्हता. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी नुसतं पाणी दिलं नाही, हे अंतर मोडलं. या, आणि आपल्या हातानं घ्या.

महाडमध्ये काय झालं? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही ठराव करून तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर पाणी आलं! तळ्यावर मात्र एक अस्पृश्य जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तेव्हा कागद आणि पाणी ह्यांच्यातलं अंतर मोडलं. सनातन्यांनी माणसांची डोकी फोडली, मग गोमूत्र आणि शेण ओतून तळं 'शुद्ध' केलं. खटला चालला तो चालला, १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं!

आज कागदाच्या जागी संगणक आला. संगणकात पाणी आहे, नळाला नाही. अंतर तेच. म्हणून म्हणालो, मी महाडबद्दलच बोलतोय.

आपण यंत्र फोडणारे नाही. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे मजूर खातं होतं, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच काळात उभी राहिली. यंत्राशिवाय माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा यंत्राची भीती आपल्याला नको. यंत्रामागं कोण उभा आहे, तेवढं बघायचं.

पुण्यातल्या यंत्रामागं कोण उभा आहे? जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेनं चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे विकले. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजवून. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं. कर्ज काढणं हे पाप नाही. पण कर्ज देणाऱ्याला परतफेडीची हमी लागते, आणि थेंब न् थेंब मोजून बिल निघतं, ही त्या हमीचीच एक कडी आहे. नागपुरात तर २०१२ पासून अख्ख्या शहराचं पाणी पंचवीस वर्षांच्या करारानं खाजगी कंपनीच्या हाती दिलं. मीटर हे पाण्याला लावलेलं माप आहेच. पण आपलं पाणी कधी विकाऊ माल झालं, हेही त्याच मीटरवर कळतं.

आता हिशोब करू. लेथवरचा माणूस आहे, हिशोब कळतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०१८ साली दर ठरवले तेव्हा महिन्याला पहिले ६,००० लिटर फुकट ठेवले. त्यापुढं जसा वापर वाढेल तसा लिटरमागं दर चढत जातो. कल्पना चांगली, जास्त वापरणाऱ्यानं जास्त भरावं. पण हे मोजायचं कशावर? नळजोडावर. माणसावर नाही. बंगल्यात चार माणसं. माणशी ३०० लिटर रोज उधळली तरी महिन्याला ३६,००० लिटर. आमच्या चाळीत चाळीस माणसं. माणशी ५० लिटर, म्हणजे पिणं, आंघोळ, धुणं, संडास सगळं त्यातच. महिन्याला झाले ६०,००० लिटर. जिथं खोल्यांची वेगळी नोंद नाही तिथं संगणक काय म्हणणार? चाळवाला उधळ्या, बंगलेवाला काटकसरी. माणशी सहापट पाणी सांडणारा खालच्या दरात आणि तोंड धुवायला तांब्या पुरवणारा वरच्या दरात! यंत्र अगदी अचूक. अन्यायही अगदी अचूक.

मोठ्या शहरात माणशी १३५ लिटर द्यावं, हे तर सरकारचंच माप. ते माप पुरं पडलं की नाही, हे सांगणारं मीटर कुठं आहे?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दुरून वाचणं ही पहिली पायरी. दुरून बंद करणं ही दुसरी. प्रत्येक नव्या मीटरमध्ये बंद करायचा व्हॉल्व्ह असतो असं नाही, बहुतेकांत नसतो. पण व्हॉल्व्ह असलेली मीटरं जगात आहेत, आणि ती आधी कुणाच्या दारात लागली ते ऐका.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ सोवेटो आहे, काळ्या माणसांची वस्ती. तिथल्या फिरी नावाच्या भागात २००४ च्या सुमाराला आगाऊ पैसे भरायची मीटरं बसली. महिन्याला ६,००० लिटर फुकट, आपल्यासारखंच. ते संपलं की नळ आपोआप बंद. नोटीस नाही, माणूस नाही, भांडायला कुणी नाही. माझिबुको नावाच्या बाईंच्या आवारात वीस माणसं राहत होती. महिन्याच्या मध्यावरच फुकटचं पाणी संपायचं. गोऱ्यांच्या श्रीमंत वस्त्यांत मात्र आधी पाणी, मग बिल, मग नोटीस. फिरीत एका झोपडीला आग लागली, विझवायला नळाला पाणी नव्हतं, दोन लेकरं गेली. बाया कोर्टात गेल्या. २००८ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, ही मीटरं बेकायदा, माणशी रोज ५० लिटर द्या. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या घटना कोर्टानं तो निकाल फिरवला. म्हणालं, हे पाणी तोडणं नव्हे, हे पुढचे पैसे भरेपर्यंत थांबणं आहे. तोडणं नव्हे, थांबणं! वर्णभेद संपून पंधरा वर्षं झाली होती, राज्य काळ्यांचं होतं, घटनेत पाण्याचा हक्क लिहिलेला होता, आणि तरीही.

अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये २०१४ साली थकबाकीसाठी हजारो घरांचं पाणी तोडलं. डेट्रॉईट बहुसंख्य काळ्यांचं शहर. जग एवढं लांब नाही, मित्रांनो. फिरीतला नळ आणि बोळातला नळ एकाच पाइपावर आहेत.

पण हरल्याच गोष्टी सांगून थांबत नाही. आपल्याकडं विजेच्या स्मार्ट प्रीपेड मीटरांविरुद्ध लोक उठले, तेव्हा जून २०२४ मध्ये राज्य सरकारला जाहीर करावं लागलं की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. स्मार्ट मीटर पुढं आलंच, पण आधी पैसे मग वीज हा फास तेवढा सुटला. मुंबईत पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी त्यातल्या माणसाला पाण्याचा हक्क आहे, तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे कुणी ताटात वाढून दिलं नाही. माणसं लढली म्हणून मिळालं.

तर तळवड्यात हे मीटर येईल तेव्हा आपण काय म्हणायचं? पाच गोष्टी. पाठ करून घ्या, घरोघर सांगा.

पहिली: मीटर लावा, पण दुरून बंद करणारा व्हॉल्व्ह आमच्या नळाला लागणार नाही. आगाऊ पैसे भरायची मीटरं नकोत. थकबाकी असली तर माणूस पाठवा, बोला, हप्ते पाडा. तहानेवर वसुली चालणार नाही.

दुसरी: फुकट आणि स्वस्त पाण्याचं माप नळजोडावर नको, माणसावर पाहिजे. चाळीतली प्रत्येक खोली मोजा. भाडेकरूचं नाव लागत नसेल तर डोकी मोजा. निवडणुकीच्या वेळी बरोबर मोजता!

तिसरी: यंत्र आमच्याबद्दल तुम्हाला सांगणार असेल तर तुमच्याबद्दल आम्हाला सांगितलं पाहिजे. टाकीतून किती सुटलं, कोणत्या गल्लीला किती तास आलं, माणशी किती लिटर पडलं, हे दर महिन्याला वस्तीच्या चौकात फळ्यावर लिहा. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून, आपल्या नदीपलीकडच्या निघोज्यात उचलतात आणि शुद्ध करायला चिखलीला नेतात. आपल्या डोळ्यांसमोरून जातं. ते कुणाच्या टाकीत जातं हे आम्हाला का कळू नये? एका घराचं पाणी मात्र चौकात मांडायचं नाही. कोण कधी घरी असतं, कधी नसतं, हे पाण्याच्या तासातासाच्या आकड्यांवरून कळतं. ते त्या घराचं गुपित आहे. वस्तीचा आकडा उघडा, घराचा आकडा झाकलेला.

चौथी: मीटरवरचा आकडा घरच्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. ऑफिसचा आकडा आणि दारातला आकडा जुळत नसेल तर दारातला खरा धरा, निकाल लागेपर्यंत वसुली थांबवा. 'आधी भरा, मग तक्रार करा' हे बंद. बिघडलेलं मीटर बदलायचा खर्च आमच्या डोक्यावर नको.

पाचवी: मीटर वाचणाऱ्या पोरांना हाकलू नका. ठेक्यावरची पोरं आहेत, बहुतेक आपलीच. त्यांना गळती शोधायच्या, तक्रार ऐकायच्या कामावर घ्या, पक्कं करून घ्या. दर वस्तीला एक माणूस नावानिशी नेमा. त्याचं नाव फळ्यावर लिहा.

ही पाचवी मागणी नुसती रोजगाराची नाही. तीच माझी खरी मागणी आहे. मी त्या आजीला लुबाडलं. पण तिला माझी गचांडी धरता आली. मी तिच्या गल्लीतच भेटलो, हाडामांसाचा, घाबरलेला. उद्या संगणक चुकला, बॅटरी मेली, बुडबुड्यांनी आकडा गडबडला, तर आजीनं कुणाची गचांडी धरायची? हवेतून जाणाऱ्या लहरीची? फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणाऱ्या बाईची? पाणी देणारा पुन्हा दूर गेला, त्याला पुन्हा हात लागेना, तर महाडला आपण काय मिळवलं?

म्हणून सांगतो, वाचायचं तर दुरून वाचा. चुकलात की जाब मात्र जवळ येऊन द्या. आमच्या बोळात, आमच्या मीटरपाशी, आमच्या डोळ्यांत बघून.

आता ही सभा संपली की एक काम करा. घरी जा, आपापलं मीटर शोधा, काच पुसा, आकडा वहीत लिहा. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आलंच नाही तर 'आलं नाही' म्हणून लिहा. रोज. सहा महिन्यांनी प्रत्येक गल्लीची अशी वही आपल्या हातात असेल. ते संगणक उघडतील तेव्हा आपण वही उघडू. आजवर त्यांनी आपल्याला वाचलं. आता आपण त्यांना वाचायला लागू.

जय भीम.